किनारा कोणाचा?

तारकर्लीहून परतलेला प्रत्येकजण तिथल्या वाळूचं कौतुक करतो. पण ती वाळू म्हणजे रापणकरांचं शेत आहे, हे कोणी सांगत नाही. होडीतून जाळं अर्धगोल टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे, ही रापण. तिला मोकळा किनारा लागतो. तिथे खुर्च्या-छत्र्या मांडल्या की रापण संपली!

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला. घरोघरी चार पैसे आले, हे मान्य. पण ज्याच्याकडे भाड्याने द्यायला खोली नाही, फक्त दोर ओढल्याचा वाटा आहे, त्याचं काय? पाहुण्याने बांगडा जरूर खावा. बांगडा ओढणाऱ्याला किनाऱ्यावरून उठवू नये. रापण लागली की आपणच बाजूला व्हावं. पटतंय का?