आधी निकाल, मग परीक्षा?

ख्रिस्ती धर्मातला एक विचार आपल्यासारख्या अप्रेझलवर जगणाऱ्या मंडळींना पचायला जड आहे. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो स्वतःच्या पुण्याईवर नव्हे, तर ख्रिस्तावरच्या विश्वासाने. म्हणजे आधी निकाल, मग परीक्षा! हे काय लॉजिक झालं?

मराठी बायबलमधला शब्द बघा: नीतिमान 'ठरणे'. 'होणे' नाही. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातला मूळ ग्रीक शब्दही कोर्टाच्या भाषेतला, निर्दोष ठरवणे. लॅटिनमध्ये मात्र तो 'नीतिमान करणे' असाही वाचता येतो. वादाची एक मोठी गाठ इथेच आहे. मार्टिन ल्यूथरने १५२२च्या जर्मन भाषांतरात पौलाच्या वाक्यात 'फक्त' हा शब्द चक्क स्वतः घातला: फक्त विश्वासाने. १५३०मध्ये जाहीर पत्र लिहून त्याचं समर्थनही केलं. यावर १५४७मध्ये ट्रेंटच्या परिषदेने रोमची बाजू मांडली: नुसती क्षमा नाही, माणूस आतून बदलतोही आणि त्यात त्याचा सहभाग असतो. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ला आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि लुथरन प्रतिनिधींनी या विषयावरच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. साडेचारशे वर्षं लागली!

आता नेहमीचा आक्षेप. मग काय, विश्वास ठेवा आणि वाट्टेल ते करा? हा प्रश्न पौलाने स्वतःच विचारलाय आणि साफ 'नाही' म्हटलंय. ल्यूथरचं म्हणणं असं, की झाड चांगलं असेल तर फळ चांगलं येतंच. फळं लटकवून झाड चांगलं होत नाही.

मी ख्रिस्ती नाही, पण हा मुद्दा मला पटतो. ज्याला आपल्या किमतीची खात्री नाही, तो प्रत्येक चांगलं काम स्कोअरकडे डोळा ठेवून करतो. दान केलं तरी हिशोब, आईवडिलांना फोन केला तरी हिशोब. समोरचा माणूस दिसतच नाही, दिसतो तो आपलाच रिपोर्ट कार्ड. निकालाची भीती गेली तरच मदत ही खरोखर मदत होते.

ऑफिसात रेटिंग लागणारच, त्याला इलाज नाही. पण तीच फूटपट्टी आपण घरी आणतो, पोरांच्या मार्कांना लावतो, रात्री अंथरुणात स्वतःलाही लावतो. देव माना किंवा न माना, ती निदान दाराबाहेर ठेवायला काय हरकत आहे?