दिसते म्हणून पाहावे का?



गेल्या सप्टेंबरात अकरावीचा एक विद्यार्थी प्रयोगवही तपासून घेण्यासाठी माझ्याकडे प्रयोगशाळेत आला. वही टेबलावर ठेवून त्याने खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाला, "सर, एक गंमत दाखवू?" पडद्यावर एका घराचा व्हरांडा दिसत होता. वयस्क बाई लाकडी खुर्चीवर बसून भाजी निवडत होत्या. चित्र इतके स्वच्छ होते, की सुपातली भाजी मेथीची आहे हेसुद्धा कळत होते.

"हे घर कुणाचे?" मी विचारले.

"आमच्या शेजारचे काका-काकू. त्यांच्या दाराबाहेर कॅमेरा लावलाय. आत्ता या क्षणी तिथे काय चाललेय ते इथे दिसतेय, सर!"

ते घर आमच्या कॉलेजपासून चार किलोमीटरवर आहे. हकीकत अशी, की काकांचा मुलगा बंगळूरला नोकरी करतो. त्याने हौसेने आईवडिलांसाठी कॅमेरा पाठवला. बसवणारा माणूस भिंतीला भोके पाडून निघून गेला. मोबाइलवर चित्र कसे पाहायचे ते काकांना जमेना, म्हणून त्यांनी शेजारच्या या हुशार मुलाला हाक मारली. त्याने आधी स्वतःच्या मोबाइलवर सारे जुळवून पाहिले, मग काकांच्या मोबाइलवर करून दिले. स्वतःच्या मोबाइलवरचे मात्र काढायचे राहिले. पहिले चार दिवस ते खरोखरच राहिले होते. त्यानंतर ते ठेवलेले होते. जूनपासून तो अधूनमधून व्हरांडा पाहत होता, आणि काही मजेदार प्रसंग त्याने साठवूनही ठेवले होते : काकांचे दूधवाल्याशी भांडण, काकूंचे स्वतःशी गुणगुणणे. मित्रांना ते दाखवून झाले होते.

मी काही बोलण्याआधीच त्याने आपली बाजू मांडली. "मी काही फोडले नाही, सर, चोरलेही नाही. दिसते, म्हणून पाहतो. खिडकी उघडी असली तर रस्त्यावरून जाणाऱ्याला घरातले दिसतेच की!"

हे शेवटचे वाक्य तुमच्यापैकी अनेकांना पटेल. मलाही क्षणभर पटले. पण भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याला त्यातली चूक दिसायला हवी.

खिडकीतून आपल्याला दिसते म्हणजे काय होते? घरातल्या वस्तूंवर प्रकाश पडतो, तो सर्व दिशांना विखुरतो, त्यातला थोडासा खिडकीबाहेर येऊन आपल्या डोळ्यांत शिरतो. आपण काहीही पाठवलेले नसते. डोळ्यांतून किरण निघून वस्तूला जाऊन भिडतात, असे प्राचीन ग्रीसमधील काही विद्वान मानत. इब्न अल् हैथम या अरब शास्त्रज्ञाने अकराव्या शतकात ही समजूत खोडून काढली. पाहणारा केवळ घेणारा असतो, हे त्याने दाखवून दिले.

आता कॅमेऱ्याचे पाहा. व्हरांड्यातला प्रकाश कॅमेऱ्याच्या भिंगातून आतल्या संवेदकावर पडतो आणि तिथेच संपतो. तो प्रकाश कॉलेजपर्यंत येत नाही. त्याचे रूपांतर विद्युतभारात आणि मग आकड्यांत होते. साधारण प्रतीच्या कॅमेऱ्यातील एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर दर सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट माहिती होते. एवढी कोण वाहून नेणार? म्हणून कॅमेऱ्यातली चिप आधीच्या चित्राशी तुलना करून बहुतांशी बदललेला भागच पाठवते, आणि हा पसारा सुमारे सहाशेपट आकसतो.

पण ही आकसलेली माहितीही आपण होऊन कुणाच्याही मोबाइलवर जात नाही. घरातल्या राउटरच्या आड बसलेल्या कॅमेऱ्याचा पत्ता घराबाहेर निरुपयोगी असतो. म्हणून असा कॅमेरा स्वतःच कंपनीच्या दूरच्या संगणकाशी संबंध जोडून वाट पाहत राहतो. आपण मोबाइलवर बोट ठेवले, की एक संदेश त्या संगणकाकडे जातो. त्यात नाव असते आणि परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, किंवा पूर्वी दिलेल्या पासवर्डची खूण असते. संगणक ती तपासतो आणि कॅमेऱ्याला निरोप देतो, की मालक पाहू इच्छितात, चित्र पाठव. मग कॅमेरा पाठवतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावतो, त्यामुळे या येण्याजाण्यात सेकंदाचा काही अंशच जातो. चित्र एकदोन सेकंद मागे असते, ते मुख्यतः आकसण्याच्या आणि उलगडण्याच्या खटाटोपामुळे.

म्हणजे ग्रीकांची ती चुकीची कल्पना इथे खरी ठरली! इथे पाहणाऱ्याकडून आधी काहीतरी निघते, ते वस्तूपर्यंत पोचते आणि मग उत्तर येते. माझ्या विद्यार्थ्याने व्हरांडा 'पाहिला' नव्हता. प्रत्येक वेळी त्याने तो मागवला होता, आणि मागवताना "मी या घरचा आहे" असे कंपनीच्या संगणकाला सांगितले होते. उघड्या खिडकीची उपमा इथे लागू पडत नाही. शेजाऱ्याच्या नावाने आलेले पत्र पोस्टमनकडून सही करून घ्यावे, तसे हे आहे.

साठवून ठेवण्याची गोष्ट त्याहून गंभीर आहे. रस्त्यावरून जाणारा माणूस व्हरांड्यातले भांडण ऐकतो आणि दोन दिवसांत विसरतो. आपले शेजारधर्म त्या विसरण्यावरच चालतात, असे मला नेहमी वाटते. कॅमेरा विसरत नाही. सेकंदाला दोन मेगाबिट या हिशेबाने अखंड दिवसाचे चित्रण २१.६ गिगाबाइट होते. एक टेराबाइटच्या साध्या डिस्कवर एका घराचे ४६ दिवस मावतात. शिवाय रात्र झाली तरी सुटका नाही. कॅमेऱ्याभोवतीचे छोटे दिवे बहुधा ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण सोडतात. आपल्या डोळ्यांची धाव साधारण ७०० नॅनोमीटरच्या आसपास संपते. वीज गेल्यावर दारात येऊन बसलेल्या काकूंना वाटते आपण अंधारात आहोत. बॅटरीवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला त्या स्पष्ट दिसतात. (टीव्हीच्या रिमोटचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून कळ दाबून पाहा. सर्व मोबाइलांत दिसत नाही, पण पुष्कळांत दिसते.)

हे यंत्र मुळात कुणासाठी निर्माण झाले, तेही पाहण्यासारखे आहे. १९४२ साली जर्मनीत पेनेम्युंडे येथे व्ही-२ अग्निबाणाचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी अशी दूरदर्शन यंत्रणा वापरली गेली. पण घरात कॅमेरा आला तो एका परिचारिकेच्या डोक्यातून. न्यूयॉर्कमधील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन यांना रात्री घरी एकट्याने राहण्याची भीती वाटे. दार वाजले तर बाहेर कोण आहे हे आतून दिसावे, म्हणून त्यांनी पतीच्या साहाय्याने दारावरच्या कॅमेऱ्याची योजना आखली आणि १९६६ साली पेटंटसाठी अर्ज केला. १९६९ मध्ये ते मिळाले. आतल्या माणसाने बाहेरचे पाहावे, ही त्यातली मूळ कल्पना. पुढे १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीच्या भांड्यासमोर कॅमेरा लावला गेला, म्हणजे कॉफी संपली असेल तर जिने चढण्याचे श्रम वाचावेत. १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवरून जगभर दिसू लागले आणि २००१ पर्यंत दिसत राहिले. कॉफीच्या भांड्याची अर्थातच काही तक्रार नव्हती.

तुम्ही म्हणाल, सर, एका मुलाच्या मोबाइलवरचा एक व्हरांडा, त्याचे एवढे काय? फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातेतील राजकोट शहरातल्या एका प्रसूतिगृहातील स्त्रियांचे चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघडकीस आले. तिथल्या कॅमेऱ्यांत परक्यांनी शिरकाव केला होता. पकडलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातले तरुणही होते. त्यांनी सुरुवात कशी केली ते मला ठाऊक नाही. पण "दिसते, म्हणून पाहतो" या पायरीवरून ते कधीतरी गेलेच असणार, असे मी समजतो.

काहींचा आक्षेप असतो, की ज्यांनी पासवर्ड बदलला नाही त्यांचाच दोष. अर्धी गोष्ट खरी आहे. २०१६ साली 'मिराई' नावाच्या एका उपद्रवी प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. त्यासाठी त्याला साठएक ठराविक जोड्यांची यादी पुरली. असे कॅमेरे विकणाऱ्या कंपन्यांना मी काकांपेक्षा अधिक दोष देईन. सत्तरीच्या माणसाने काय काय शिकावे? परंतु कडी न लावलेले दार ढकलून आत जाणाऱ्याला कडीची सबब सांगता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चे कलम ४३ हेच सांगते : मालकाच्या परवानगीवाचून संगणकयंत्रणेत शिरणे, त्यातील माहिती उतरवून घेणे बेकायदेशीर आहे. अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शिक्षकमित्रांना मात्र एक विनंती. अशा मुलाचा मोबाइल काढून घेऊन "पुन्हा हात लावू नकोस" असे सांगू नका. ज्याला हे जुळवता आले तो उद्याचा चांगला अभियंता आहे. शाळेने दोन हजारांच्या आतबाहेरचा एक कॅमेरा घ्यावा, तो कुंडीतल्या रोपासमोर लावावा आणि मुलांना त्याची हवी तेवढी चिरफाड करू द्यावी. रोप कसे वाढते तेही दिसेल.

आणि हो, त्या दिवशी घरी जाऊन मी माझा राउटर तपासला. सहा वर्षे त्याचा पासवर्ड तोच होता, जो डब्याच्या खाली छापलेला आहे. भौतिकशास्त्राचा अध्यापक!

त्या मुलाला मी एवढेच म्हटले, "काकांना जाऊन सांग." त्याला ते जड गेले, पण रविवारी तो गेला. काका हसले. "अरे, तू घरचाच," म्हणाले. काकूंनी मात्र विचारले, "कधीपासून रे?" तो म्हणाला, "जूनपासून." काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. जुलैत त्यांची धाकटी बहीण चार दिवस राहायला आली होती आणि दोघी रोज दुपारी त्या व्हरांड्यातच बोलत बसत होत्या. तू ते पाहिलेस का, असे त्यांनी विचारले नाही. उठून आत गेल्या.

मुलाने आपल्या मोबाइलवरचे खाते काढले, काकांना पासवर्ड बदलून दिला आणि साठवलेले चित्रण पुसले. तीन मित्रांना पाठवलेले प्रसंग पुसून घ्यायला तो त्यांच्या घरी गेला. दोघांनी त्याच्यासमोर पुसले. तिसऱ्याने ते पुढे कुणाकुणाला धाडले होते ते त्यालाही आठवत नव्हते.

काकूंची खुर्ची आता व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला असते. तिथपर्यंत कॅमेऱ्याचा कोन पोचत नाही. दुपारी तिथे ऊन येते, असे तो परवा सांगत होता.