दुखणं बाईचं, पुनर्वसन कुणाचं?



गेल्या वर्षी मी आठ आठवडे एका वर्गाला जात होते. आमच्या शहरातल्या एका रुग्णालयाने जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी तो चालवला होता. नाव होतं 'वेदना पुनर्वसन'. वीस-बावीस वर्षं एसटीने गावोगाव हिंडणं, शिबिरांत सतरंजीवर झोपणं आणि घरी परतल्यावर वाट पाहत असलेला स्वयंपाक, या सगळ्यात माझी कंबर गेली. वर्गात आम्ही चौदा जण होतो. त्यात बारा बायका. शिवणकाम करणारी होती, चार घरची धुणीभांडी करणारी होती, बँकेतून निवृत्त झालेली होती आणि विड्या वळणाऱ्या अक्का होत्या.

पाचव्या आठवड्यापासून अक्का दिसेनाशा झाल्या. हजेरीच्या वहीत त्यांच्या नावापुढे लिहिलं गेलं, 'स्वतःहून सोडले. सहकार्य नाही.' ही दोन वाक्यं माझ्या डोक्यातून जाईनात. म्हणून हा लेख.

मी अक्कांच्या घरी गेले. मांडीवर सूप, मान खाली, बोटं चालूच. म्हणाल्या, "ताई, तिथल्या मॅडम चांगल्या हायत. पण त्या म्हणतात, अर्ध्या तासानं उठा, पाच मिनिटं चाला. मी उठत बसले तर हजार विड्या कधी व्हायच्या? अन् व्यायामाला सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं. ती कुणाच्या घरून आणू?" वर्ग सकाळी अकराचा. जाण्यायेण्यासकट अर्धा दिवस बुडायचा, म्हणजे निम्मी मजुरी. घरात सून बाळंतीण. मुलाने एक दिवस ऐकवलं, "व्यायाम करायला जमतं, मग पाणी भरायला काय होतं?"

आता सांगा, अक्कांनी वर्ग सोडला की वर्गाने अक्कांना सोडलं?

पण त्या वर्गात वाईटच होतं असं मला म्हणायचं नाही. तिथे मी जे शिकले ते कुठल्याही डॉक्टरने पूर्वी मला सांगितलं नव्हतं. तीन महिन्यांहून अधिक टिकलेलं किंवा पुन्हा पुन्हा उलटणारं दुखणं म्हणजे जुनाट दुखणं. अशा दुखण्यात बऱ्याचदा मूळची इजा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था हळवी होऊन बसते. घरात चोर येऊन गेल्यावर कुत्रं पानाच्या सळसळीलाही भुंकू लागतं, तसं. म्हणून नुसती गोळी, नुसतं इंजेक्शन पुरत नाही. हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, कामाचे तुकडे पाडणं, झोप, मनावरचा ताण हलका करणं, दुखणं उसळलं तर काय करायचं हे आधी ठरवून ठेवणं, हे सगळं एकत्र लागतं. बरं वाटलं त्या दिवशी सगळं घर धुऊन काढायचं आणि पुढचे तीन दिवस आडवं पडायचं, हे आपल्यातल्या किती जणी करतात! वर्गात सांगितलं, दुखणं थांबवील तेव्हा थांबू नका, ठरवलेली वेळ झाली की थांबा. बरं वाटत असलं तरी थांबा.

ही काही नवी टूम नाही. दुखण्याकडे अनेक शास्त्रांनी मिळून पाहावं हा आग्रह अमेरिकेत डॉ. जॉन बोनिका यांनी धरला. त्यांचा वेदनेवरचा मोठा ग्रंथ १९५३ साली आला. मेंदू आणि मज्जारज्जू दुखण्याची वाट कमी-जास्त उघडतात, हे रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं. पुढे पाठदुखीवरच्या अशा एकत्रित कार्यक्रमांच्या ४१ चाचण्यांचा आढावा २०१४ साली कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. नेहमीच्या उपचारांपेक्षा दुखणं आणि अडचण दोन्ही कमी होतात, पण फरक माफक असतो, असं त्यातून दिसलं. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली. त्यात व्यायाम, माहिती आणि मानसिक आधार यांची शिफारस आहे. आपल्याकडे दर दुसऱ्या बाईला विकत घ्यायला लावला जाणारा कमरेचा पट्टा मात्र नेहमीच्या उपचारात वापरू नये, असं म्हटलं आहे. वजनं लावून कंबर ताणण्याबद्दलही तेच.

मी हे आमच्या बैठकीत सांगितलं तेव्हा एक मैत्रीण उसळून म्हणाली, "म्हणजे बाईला सहन करायचं शास्त्रशुद्ध शिक्षण! मालक राबवून घेणार, नवरा राबवून घेणार आणि आपण तिला श्वास कसा घ्यायचा ते शिकवणार." दुसरी म्हणाली, "दुखणं मेंदूत असतं हे तू वस्तीत सांगू नकोस. बाईचं दुखणं म्हणजे तिच्या मनाचे खेळ, हे आपण जन्मभर ऐकत आलोय."

दोघींचंही मला पटलं. तरीही मी माझं म्हणणं सोडलं नाही.

दुसरीचा मुद्दा आधी घेते. 'नाटकं करते', 'कामाचा आळस', 'अंगात आलंय', 'पाळी जायची वेळ आहे, होणारच', हे शब्द ऐकले नाहीत अशी एकही बाई आमच्या वर्गात नव्हती. बँकेतल्या बाईंना डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं होतं, "यात काही नाही." त्यांनी घरी येऊन ते सांगितलं आणि त्या दिवसापासून त्यांचं दुखणं घरच्यांच्या लेखी संपलं. अशा बाईला 'मज्जासंस्था हळवी झाली आहे' हे नीट उलगडून सांगितलं नाही तर तिला ऐकू येतं ते एवढंच, 'तुझ्या डोक्यात आहे.' पण खरं शास्त्र नेमकं उलट बाजूने उभं आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्यासोबतच्या टिपांमध्ये स्पष्ट आहे की माणूस आपल्याला दुखतं असं सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. म्हणजे बाईचं सांगणं फोटोत काही दिसत नाही म्हणून खोटं ठरत नाही. छळाच्या प्रकरणांत आपण वर्षानुवर्षं हेच मांडत आलो ना? तिचं म्हणणं आधी खरं धरा. दुखण्याच्या बाबतीत मात्र आपणही पुष्कळदा 'चल गं, होईल बरं' म्हणून मोर्चाला निघालो.

पुनर्वसन मिळालं नाही की काय होतं, हे पाहायला लांब जायला नको. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये उघडकीला आलं. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिथल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणारी बाई, पालात राहणारी, ना पाणी ना संडास. ओटीपोटात दुखतं, अंगावरून जातं, कंबर धरते. पण नवराबायको मिळून एक कोयता. खाडा केला की दंड. उचल फेडायची असते. अशा बाईला सांगणार कोण की थांब, तपासू, दुखणं कशाचं ते पाहू, काम बदलू? सोपं उत्तर तयारच असतं, पिशवी काढून टाका. अवयव काढून बाईला पुन्हा फडात उभं केलं. पाठीवरचा भार होता तिथेच राहिला.

आणि पैशाची वाट कुठे वळते तेही पाहा. आयुष्मान भारतसारख्या योजना मुख्यतः रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. कापण्यासाठी खाट मिळू शकते. पण आठवड्यातून दोनदा येऊन व्यायाम शिकायचा, कुणाशी बोलायचं, तर त्याचे पैसे आणि बुडालेली मजुरी बाईच्या पदरातून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांची यादी आहे. त्यात जुनाट दुखणं म्हणून वेगळी नोंद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत, जुनाट दुखण्याला स्वतःचं स्थान मिळालं. आपल्या कागदांवर अजून ते उतरायचं आहे.

आता पहिल्या मैत्रिणीचा मुद्दा. सहन करायला शिकवणं आणि दुखण्यासकट आपलं आयुष्य हातात घ्यायला शिकवणं, यात फरक आहे. पण तो फरक व्यायामाच्या कागदात दिसत नाही. बाई घरी गेल्यावर काय बदलतं, त्यात दिसतो. सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनमोलाच्या घरकामात घालवतात. जे पुरुष घरकाम करतात ते ८८ मिनिटं. 'कामाचे तुकडे पाडा, मध्ये विसावा घ्या' हा सल्ला ज्याचा वेळ त्याच्या मालकीचा आहे त्याला लागू पडतो. बाईने विसावा घेतला तर तो तुकडा उचलणार कोण, हे त्या वर्गात आठ आठवड्यांत एकदाही विचारलं गेलं नाही. घरच्या कुणाला एक दिवस बोलवावं असंही कुणाला सुचलं नाही.

पुनर्वसन हा शब्द आपल्याला नवा नाही. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा आपण धरणग्रस्तांबरोबर रस्त्यावर दिली आहे. १९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, तेव्हापासून आपण काय मागतो आहोत? नुसता पत्र्याचा निवारा नको. जमीन हवी, पाणी हवं, शाळा हवी, रस्ता हवा. दुखणाऱ्या बाईचंही तसंच आहे. कष्टांनी ती तिच्याच अंगातून विस्थापित झालेली असते. तिला व्यायामाचा कागद देऊन त्याच सुपाशी, त्याच मोळीखाली नेऊन बसवणं हे पुनर्वसन कसं म्हणायचं?

म्हणून माझं म्हणणं असं. पुनर्वसन हवंच, आणि ते आपण ठणकावून मागायला हवं. पण आपल्या अटींवर. एक, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक हवेत आणि वर्ग कामाच्या वेळेबाहेर, वस्तीजवळ हवा. दोन, वर्गाच्या दिवसाची मजुरी बुडता कामा नये. तीन, घरातल्या मोठ्या माणसांसाठी, विशेषतः पुरुषांसाठी, दोन तरी बैठका सक्तीच्या हव्यात. चार, कामाची जागा आणि पद्धत तपासल्याशिवाय पुनर्वसन पूर्ण झालं असं लिहू नये. ठेकेदार, मुकादम, कारखाना यांना त्यात जबाबदार धरावं. पाच, नीट तपासणी आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय दुखण्यासाठी गर्भाशय काढायची शस्त्रक्रिया होऊ नये.

हे सगळं मिळेपर्यंत आपण काय करायचं? आम्ही थोडं करून पाहिलं. वर्गातल्या फिजिओथेरपिस्ट ताईंना अक्कांच्या गल्लीत घेऊन आलो. मन लावून काम करणारी मुलगी. अक्कांना काम करताना पाहून ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मी कागदावर लिहून देत होते ते इथे होणारच नाही." आता रविवारी संध्याकाळी नऊ जणी जमतात. विड्या वळायला भिंतीला टेकून, बुडाखाली पाट घेऊन बसतात. पाळीपाळीने एक जण घड्याळ पाहते आणि हाक मारली की सगळ्या एकदम उठतात. एकटी उठली तर आळशी ठरते, नऊ जणी उठल्या की तो नियम होतो. हजाराचा आकडा तेवढ्याने घटला नाही, असं अक्काच सांगतात.

सगळ्यात अवघड गेलं ते पाणी. अक्कांच्या मुलाशी तीन वेळा बोलावं लागलं, एकदा भांडावंही लागलं. आता तो पहाटे पाणी भरतो. शेजारी हसतात म्हणून अंधारात भरतो, पण भरतो. अक्कांची कंबर अजून दुखते. रात्री चार तास सलग झोप लागते, पूर्वी दोन लागायची. याला कुणी यश म्हणणार नाही कदाचित. अक्का म्हणतात.

त्या हजेरीच्या वहीबद्दलही आम्ही रुग्णालयाशी बोललो. 'सहकार्य नाही' हा शेरा खोडला नाही. पण नव्या तुकडीच्या वहीत आमच्या मागणीवरून एक रकाना वाढला आहे, 'घरातून कोण आलं?' तो अजून बहुतेक रिकामाच आहे. तो कसा भरायचा, हे आता आपल्या संघटनांच्या बैठकांत ठरायला हवं. पुढच्या बैठकीला आपापल्या गटातून एवढंच विचारून या, कुणाकुणाला रोज दुखतं आणि ते आजवर कुणाला सांगितलं. हात किती वर होतात ते मोजा. मग बोलू.