उघड्या पाण्याचे देणे

खडीचा हिशेब आपण ब्रासवर ठेवतो, डिझेलचा लिटरवर. पाण्याचा हिशेब मात्र विकत आणलेल्या टँकरपुरताच असतो. खाणीच्या तळाशी साचलेले पाणी धूळ मारायला, रोबो सँड धुवायला वापरले जाते, उरलेले पंपाने बाहेर काढले जाते आणि पुष्कळसे उन्हाने उडून जाते. त्याची वही कोणाकडेच नसते. ही वही आता हवीच, असे आम्ही आग्रहाने म्हणतो आहोत, कारण पाणी शेजाऱ्याचेही आहे.

हैदराबादच्या परिसरात वर्षाला सरासरी 800 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघड्या पाण्यावरून मात्र वर्षभरात दीड मीटरच्या घरात बाष्पीभवन होते. एक हेक्टर पाणी उघडे पडले, की थेट त्यावर पडणारा पाऊस वजा केल्यावरही ढोबळमानाने 7,000 घनमीटरची तूट येते. दहा हजार लिटरचे 700 टँकर, दरवर्षी, आणि खाण बंद पडल्यावरही. ही तूट भरून निघते ती भोवतालच्या खडकातल्या भेगांतून किंवा उतारावरून येणाऱ्या पाण्यातून. म्हणजे एरवी कुणाच्या तरी बोअरला किंवा खालच्या गावच्या कुंट्याला (लहान तळ्याला) मिळणाऱ्या पाण्यातून.

यावर आपल्याकडचे ठरलेले उत्तर खाण बंद करण्याच्या आराखड्यात सापडते: खड्ड्यात पावसाचे पाणी साठवू, भूजल वाढेल. पटनचेरूजवळच्या लकडारमसारख्या, खाणी आणि क्रशरनी वेढलेल्या गावांच्या बाबतीत हे उत्तर तपासून घ्यावे लागेल. हैदराबादचा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. त्याच्यात पाणी राहते ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि त्याखालच्या भेगाळ थरात. शहराच्या दक्षिणेला महेश्वरमच्या पाणलोटात राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने फ्रेंच शास्त्रज्ञांबरोबर 1999 पासून जे काम केले, त्यातून ही रचना फार नेमकेपणाने पुढे आली. भेगाळ थराच्या खाली खडक जवळपास घट्ट असतो. आपली खाण हे दोन्ही थर कापून घट्ट खडकात उतरली, की तळात साचलेले पाणी खाली मुरायला जागाच उरत नाही. कडेच्या भेगांतून ते बाहेर जाईल, पण खाणीतली पातळी भोवतालच्या भूजलापेक्षा वर असेल तेव्हाच. एरवी पाणी उलट दिशेने, खाणीकडे, येत राहते. पाण्याने भरलेली खाण पाहून भूजल वाढले असे समजणे म्हणजे गळती टाकी भरलेली आहे असे मानण्यासारखे आहे.

अमेरिकेतील कोलोराडो राज्याने याबाबत स्पष्ट भूमिका घेतली. तिथे 31 डिसेंबर 1980 नंतर ज्या खडी-वाळूच्या खाणीने भूजल उघडे पाडले, तिला बाष्पीभवनाने गेलेले पाणी भरून देण्याची योजना मंजूर करून घ्यावी लागते. नदीच्या पाण्यावरील ज्या हक्कदारांना झळ बसते, त्यांना ते योग्य वेळी, योग्य ठिकाणी परत मिळाले पाहिजे. आपल्याकडे पाण्याचे हक्क तसे मांडलेले नाहीत, म्हणून तो कायदा जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण वेळ आणि ठिकाण हे दोन प्रश्न उचलता येतात. तेलंगणात पाणी, जमीन आणि झाडे यांविषयीचा 2002 चा वाल्टा कायदा आहे. महाराष्ट्रातल्या खाणींसाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाची 24 सप्टेंबर 2020 ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांत खाणीच्या कडेला निरीक्षण विहिरी आणि उपसलेल्या पाण्याचा उपयोग या दोन्हींची अपेक्षा आहे. कागद कमी नाहीत. मापन कमी आहे.

परतफेड कुठे करायची, हा खरा कारागिरीचा भाग. खाणीच्या तळात नव्हे, तर खाणपट्ट्याच्या वरच्या अंगाला, जिथे मुरूम शाबूत आहे तिथे पाझर खड्डे किंवा चर घ्यावेत. तेथून पाणी मुरमातून भेगाळ थरात उतरते आणि शेजारच्या बोअरपर्यंत पोहोचण्याची शक्यता असते. त्यात वाळू धुतलेले गढूळ पाणी अजिबात सोडू नये. दगडाची पिठासारखी भुकटी भेगा कायमच्या बुजवते. आधी दोन-तीन टप्प्यांत निवळायला हवे, मग सोडायचे. खोदतानाच एक अरुंद, खोल कुंड राखून पाणी तिथेच एकवटले, तर तेवढ्याच पाण्याचा उघडा पृष्ठभाग घटतो आणि बाष्पीभवनही. ही बाब बेंच आखताना ठरवावी लागते, शेवटी नाही.

काळ्या पाषाणात काम करणाऱ्या आमच्या महाराष्ट्रातल्या वाचकांनी ग्रॅनाइटचे हे चित्र जसेच्या तसे घेऊ नये. लाव्हाच्या दोन थरांमधला सच्छिद्र पट्टा पाणी आडवे नेतो, आणि तो आपण कोणत्या बेंचवर कापला हे माहीत नसेल, तर पुढचा हिशेब चुकतोच.

तेलंगणाने 2015 मध्ये मिशन काकतीय सुरू करून गावोगावचे जुने तलाव गाळमुक्त करायला घेतले. त्याच तलावांकडे जाणाऱ्या ओढ्यांत आपला क्रशरचा गाळ जाऊ देणे, हे पाहून आम्हाला मनापासून वाईट वाटते.

या उन्हाळ्यात सुरुवात करायला फारसे काही लागत नाही. पंपावर मीटर, कुंडात रंगवलेली मोजपट्टी, आणि खाणीपासून जवळच्या दोन शेतकऱ्यांच्या बोअरची पाणीपातळी, त्यांच्या संमतीने, दर महिन्याला. पहिली नोंद पुढचा बेंच खाली उतरवण्याआधी घ्यावी, आणि तिची एक प्रत त्या शेतकऱ्यांच्या हातातही असावी.