वैमानिकाची तालीम : आधी तपासणी, मग भांडवल

कापडाचा तागा उलगडून पाहिल्याशिवाय आपण सौदा करीत नाही. मग मुलाला वैमानिक करायचे ठरले की दुकान गहाण ठेवून संस्थेची सगळी फी एकदम भरण्याची घाई कशासाठी?

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला १८ वर्षे पूर्ण वय, २०० तासांचे उड्डाण, नेव्हिगेशन, हवामान, हवाई नियम वगैरे विषयांच्या परीक्षा आणि पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी लागते. खर्च कित्येक लाखांचा. शिवाय परवाना म्हणजे नोकरी नव्हे. मोठ्या जेट विमानाचे ‘टाइप रेटिंग’ वेगळे आणि त्याचा खर्चही वेगळा. तो सुरुवातीलाच हिशेबात धरावा.

म्हणून पहिली पायरी वैद्यकीय तपासणी. रंग ओळखण्यात दोष निघाला तर वाट तिथेच अडू शकते. मग लेखी परीक्षांचा अभ्यास. पैसा शेवटी, तोही टप्प्याटप्प्याने. बारामती, गोंदिया येथे अशी तालीम चालते. तेथे स्वतः जाऊन पाहावे : प्रत्यक्ष उडणारी विमाने किती, प्रशिक्षक किती, मागच्या मुलांना २०० तासांना किती महिने लागले?

आणि परवाना मिळाल्यावर केवळ विमान कंपनीच्या दाराशी ताटकळू नये. सहायक प्रशिक्षकाचे रेटिंग घ्यावे, पुढे पूर्ण प्रशिक्षकाचे. शागिर्दाला शिकवताना उस्तादाचाही हात बसतो, हे आपल्या कारागिरांना सांगायला नको. येथे तर पगाराबरोबर उड्डाणाचे तासही जमा होतात.

मुलाला जरूर उडू द्या. मात्र हिशेबाची वही जमिनीवर पक्की ठेवा.