पणतवंडाचा पहिला घास

पणतवंडाचे तोंड पाहिलेल्या वृद्धांच्या मस्तकावर सोन्याची फुले उधळण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक घरांत अद्याप टिकून आहे. सराफाकडून नखाएवढी फुले आणली जातात, पणजीला पाटावर बसवून ओवाळले जाते, छायाचित्रे निघतात, पंगत उठते आणि पाहुणे पांगले की पणजी पुन्हा आपल्या कोपऱ्यातील खाटेवर जाऊन बसते. समारंभ देखणा असतो यात शंका नाही. परंतु दुसऱ्या दिवसापासून त्या घरात त्या म्हातारीचे स्थान कोणते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तिला स्वयंपाकघरात येऊ द्यावयाचे की नाही, तान्ह्याच्या वाटीत काय पडावे याविषयी तिचे म्हणणे ऐकावयाचे की नाही, या गोष्टी क्षुल्लक वाटतात खऱ्या. पण सहा महिन्यांच्या पुढील बालकाचे आरोग्य त्यांतच गुंतलेले आहे.

हे म्हणणे अतिशयोक्तीचे वाटेल त्यांनी एक आकडा पाहावा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळून आले की, सहा ते तेवीस महिने वयाच्या भारतीय बालकांपैकी किमान पुरेसा आहार मिळत होता तो केवळ ११ टक्क्यांना. देशात दारिद्र्य आहे, हे त्याचे एक उत्तर झाले. पण उरलेली ८९ टक्के बालके सर्वच काही उपाशी घरांतील नव्हेत. ज्या घरात दोन वेळा वरण शिजते, दूध येते, सणासुदीला पुरण होते, त्याही घरात बालकाच्या वाटीत पाण्यासारखे काहीतरी पडते किंवा दिवसातून एकदाच पडते. प्रश्न केवळ धान्याचा नाही. बालकासाठी ते कसे शिजवावे, कसे भरवावे आणि कोणी भरवावे, हाही आहे.

यांपैकी 'कोणी' हा प्रश्न अलीकडे फार बिकट झाला आहे. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळू लागली. सुधारणा स्तुत्य आहे. मात्र २६ आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने, आणि बाळाने सहा महिने केवळ आईच्या दुधावर राहून त्यानंतर वरचे अन्न सुरू करावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणजे ज्या आठवड्यात उष्टावण व्हावयाचे, त्याच आठवड्यात आईला कचेरीच्या हजेरीपटावर सही करावयाची असते! बरे, आजी आहे म्हणावे, तर ती स्वतः कोठे शिक्षिका, कोठे लिपिक. निवृत्तीला अजून दोन-तीन वर्षे बाकी. दुपारी बारा वाजता घरात बाळाजवळ असते ती पणजी. शाळा, कचेऱ्या आणि बँका यांत राबणाऱ्या मध्यमवर्गातील असंख्य कुटुंबांचा हा आजचा व्यवहार आहे.

अशी पणजी आज घरोघर आढळते, ही घटनाही विलक्षण आहे. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास भारतीयाचे सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांचे होते. त्या आकड्यात बालमृत्यूंचा वाटा केवढा होता, हे त्या काळच्या आयांना सांगावे लागत नव्हते. आज ते आयुर्मान ७० वर्षांच्या आसपास आहे. पण नुसत्या दीर्घायुष्याने कोणी पणजी होत नाही. त्याला लवकर झालेल्या लग्नाचीही जोड लागते. शारदा कायद्याने १९२९ साली मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरविले, १९४९ साली ते १५ झाले आणि १८ होण्यासाठी १९७८ उजाडावे लागले. १९४५ च्या सुमारास जन्मलेली मुलगी सतराव्या वर्षी बोहल्यावर चढली, एकविसाव्या वर्षी तिला मुलगी झाली. ती मुलगी शिकून नोकरीला लागल्यावर सत्ताविसाव्या वर्षी आई झाली, आणि नात एकोणतिसाव्या वर्षी. हिशेब केला तर पहिलीचे वय सत्त्याहत्तर भरते. पुढच्या पिढ्या तिशीत आई होऊ लागल्या, तर पणजी होण्यास नव्वदी गाठावी लागेल. जुन्या काळचे लग्न आणि नव्या काळचे आयुष्य या दोहोंचा योग या एकाच पिढीच्या वाट्याला आला आहे. येत्या पंधरा-वीस वर्षांत तो सरेल.

या पिढीपाशी असे काय आहे, की त्याची एवढी किंमत करावी? खिमटाचे उदाहरण घ्यावे. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, सावलीत वाळवून, मंद आचेवर भाजून रवाळ दळावयाची आणि त्यात जिऱ्याची किंचित पूड घालून पाण्यात शिजवावयाची, एवढीच ती कृती. पण डाळ-तांदुळाच्या जोडीने प्रथिनांची एकमेकांतील उणीव भरून निघते, हे आहारशास्त्राने नंतर सांगितले. नाचणीच्या सत्त्वाची गोष्ट याहून बोलकी आहे. नाचणी रात्रभर भिजवावी, फडक्यात बांधून मोड आणावेत, वाळवावी, हलकी भाजावी, दळून वस्त्रगाळ करावी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे तर झालेच. पण मोड कशासाठी? साध्या पिठाची लापशी शिजताच घट्ट होते. ती बाळाला गिळता यावी म्हणून पाणी वाढवावे लागते, आणि मग इवल्या पोटात पाणीच अधिक जाते. मोड आलेल्या धान्यात पिष्ट फोडणारे विकर तयार होते. त्यामुळे पीठ अधिक घालूनही लापशी पातळ राहते, आणि तेवढ्याच वाटीत बाळाला अधिक अन्न मिळते. भाजणी तीव्र झाली, तर हे विकर नष्ट होते. 'आच मंद ठेव' असे खाटेवरून ओरडून सांगणाऱ्या पणजीला विकराचे नाव ठाऊक नसते, एवढेच. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात याच तत्त्वावर संशोधन केले आणि कुपोषित बालकांच्या आहारात मोडाच्या पिठाचा उपयोग शास्त्रीय कसोटीवर दाखवून दिला.

तथापि खिमट आणि सत्त्व यांहूनही मोलाची अशी एक गोष्ट या स्त्रियांपाशी आहे, आणि ती कोणत्याही पाककृतीच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून असंख्य नववधूंना वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक शिकविला. ते उपकार मोठे आहेत. पण पुस्तक एका पदार्थाची एक कृती सांगते. पणजीचा स्वयंपाक तसा चालत नाही. एकाच पातेल्यातून घरातील चार वयांची माणसे जेवू घालण्याचे ते शास्त्र आहे. वरण घोटून झाले की फोडणी पडण्यापूर्वी, मीठ घालण्यापूर्वी, एक डाव बाळासाठी बाजूला निघतो. लाल भोपळ्याची भाजी वाफेवर शिजली की तिखट पडण्याआधी दोन फोडी कुस्करल्या जातात. भाकरीचा पापुद्रा वरणात भिजत पडतो. भात सर्वांसाठी एकदाच चढतो. त्यातला पळीभर पुन्हा पाणी घालून गुरगुट्या होतो आणि त्यावर साजूक तुपाचा थेंब पडतो. बाळाचा वेगळा स्वयंपाक नाही, वेगळा खर्च नाही, आणि कोणाला एक तास लवकर उठावे लागत नाही. घरच्याच अन्नातला बाळाचा वाटा एक पायरी आधी काढून घ्यावयाचा, इतकीच युक्ती. कचेरी सांभाळणाऱ्या नातसुनेला अशा युक्तीची जेवढी गरज आहे तेवढी पुरणपोळीच्या कृतीची नाही.

ही युक्ती सुबत्तेतून आलेली नाही. १९७२ च्या दुष्काळात ज्यांच्या कडेवर मुले होती, त्याच स्त्रिया आज पणज्या आहेत. शिधापत्रिकेवर मिळणारी लाल मिलो, दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी, आणि त्यातून चिमुकल्याच्या तोंडी लागेल असे काहीतरी करून घालण्याची धडपड त्यांनी केली आहे. उरलेले, अपुरे, जाडेभरडे यांतून बालकाचा घास कसा काढावा, हे त्या परिस्थितीशी झगडून शिकल्या.

म्हणून त्यांचे सर्वच खरे, असे मात्र नव्हे. आणि येथे भाबडेपणाला थारा देता कामा नये. वरणाचे नुसते पाणी हे बाळाचे उत्तम अन्न, ही समजूत घरोघर होती व आहे. वस्तुतः त्या पाण्यात पोषण अगदी थोडे असते, डाळ तळाशी राहते. डाळ घोटून दाटच घातली पाहिजे. नवजाताला मध चाटविण्याची रीत तर सर्वस्वी त्याज्य आहे. एक वर्षाच्या आतील बालकाला मधातून जीवघेणी विषबाधा होऊ शकते, हे आता निर्विवाद आहे. सहाणेवर वेखंड, मुरडशिंग, जायफळ यांचे वेढे मोजून दिलेली बाळगुटी, पहिल्या सहा महिन्यांत चमच्याने पाजलेले पाणी, पहिला चीक पिळून टाकून देणे, पुढे चहात बुडविलेले बिस्किट, या साऱ्यांवर डॉक्टरांनी फुली मारली आहे आणि ती योग्यच आहे. पणजीचे न ऐकणे हा तिचा अपमान, असे मानणाऱ्या घरांत बाळाची आबाळ होते. पण एका मधाच्या बोटापायी तिचे खिमटही फेकून देणारी नातसून तितकीच चुकते. दोघींनी डॉक्टरांसमोर एकदा एकत्र बसण्याने हा वाद मिटण्याजोगा आहे.

पणजीला बाजूला सारले की तिची जागा बहुधा डबा घेतो. शिशुआहार आणि दुधाच्या भुकटीची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, आणि २००३ च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. तरीही डबा घरात येतोच. तो आणणाऱ्या आईला नावे ठेवणे सोपे आहे. ज्या घरात दुपारी कोणीच नाही, तेथे तिने काय करावे, हे नावे ठेवणारे सांगत नाहीत. परंतु भारतात विकल्या जाणाऱ्या एका विख्यात शिशुआहारात वरून साखर घातलेली आढळल्याचे एका स्विस संस्थेने २०२४ साली उघड केले, तेव्हा डब्यावरील शास्त्रीय भाषेला भुललेल्यांना विचारात पडावे लागले. दुसरे असे की, डब्याची चव दररोज एकच असते. वरणभाताची तशी नसते. आज तूर, उद्या मूग, परवा पालकाचे पान. पुढे जेवणात खोडी काढणार नाही असे मूल घडते ते या फरकातून.

शिवाय भरविण्याचा वेग हीही एक बाब आहे. चिऊकाऊचे घास करीत, खिडकीतला कावळा दाखवीत, मूल तोंड फिरवील तेव्हा थांबत, अर्धी वाटी संपविण्यास अर्धा तास घेणे पणजीला परवडते, कारण तिला कोठे जावयाचे नसते. घाईत असलेले घर त्याऐवजी बाळाच्या पुढ्यात मोबाइल धरते. घास जातात, पण बाळ ते पाहत नाही. बालकाच्या भुकेची खूण ओळखून, जबरदस्ती न करता, त्याच्याशी बोलत भरवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिका सांगते. त्या मार्गदर्शिकेचे प्रात्यक्षिक घरात आयते चालू असते.

आता या सर्व गुणगौरवातून एक धोका उद्भवतो, आणि तो टाळला पाहिजे. पणजीचे ज्ञान थोर, असे म्हणता म्हणता तिच्यावर दिवसाचे आठ तास मूल सोपवून मोकळे होणारी कुटुंबे कमी नाहीत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गुडघे धरलेली बाई रांगत्या मुलामागे धावू शकत नाही, कुकरची शिट्टी आणि बाळाचे रडणे दोन्ही एकदम सांभाळू शकत नाही. साठ वर्षे चूल, स्टोव्ह आणि गॅस यांपुढे काढलेल्या हातांना पुन्हा त्याच कामाला लावणे, याला सन्मान म्हणत नाहीत. तिने खुर्चीत बसून सांगावे आणि दुसऱ्या कोणी ओट्याशी उभे राहावे, हीच रास्त व्यवस्था होय. तो दुसरा कोणी म्हणजे प्रत्येक वेळी नातसूनच का असावी? बाळाचा बाप, म्हणजे तिचा नातू, रविवारी सकाळी नाचणी भाजावयास उभा राहिला तर बिघडत काहीच नाही. उलट ज्या घरात पुरुषाच्या हाताखालून ही विद्या गेली, तेथे ती एका बाईच्या बदलीने किंवा आजारपणाने बुडणार नाही. पणजीने सांगितलेले प्रमाण त्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेमागे लिहून ठेवले तरी पुष्कळ.

जाता जाता हेही नोंदविले पाहिजे की, सोन्याच्या फुलांचा मान रूढीने मुलाच्या मुलाच्या मुलापुरताच ठेवला आहे. पहिले बाळंतपण माहेरी, या चालीमुळे प्रत्यक्षात बाळंतिणीचे डिंकाचे लाडू आणि बाळाचे पहिले खिमट यांची देखरेख अनेकदा करते ती आईकडची पणजी. फुले एकीच्या डोक्यावर पडतात, हात दुसरीचे भाजतात.

राहिला प्रश्न ज्या बालकांच्या घरी ना पणजी आहे, ना डब्याला पैसा. त्यांच्यासाठी २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द खेड्यापाड्यांत रुळला. २०१८ पासून सप्टेंबर महिना पोषण माह म्हणून पाळला जातो. त्यात पाककृतींची प्रदर्शने व स्पर्धा भरतात. अशा प्रदर्शनांत सजविलेली ताटे भरपूर दिसतात. सहा महिन्यांच्या बाळाची वाटी शोधावी लागते. गावातील दोन-चार पणज्यांना त्या दिवशी अंगणवाडीत बोलावून, त्यांना खुर्ची देऊन, सेविकेने वजनकाटा आणि चूल घेऊन शेजारी बसावे. मधाचे नाव निघताच सेविकेने त्यांना अडवावे, आणि भाजणीचा रंग कोठे थांबवावयाचा हे त्यांनी सेविकेला दाखवावे. यास नवा शासननिर्णय लागणार नाही, निधीही लागणार नाही. नाचणी मात्र आदल्या रात्री भिजत घालावी लागेल.