१९७१चा हिशेब : देणे शासनाचे, भोग वस्तीचे

नवी दिल्ली : पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री इशाक दार यांनी २४ ऑगस्ट २०२५ रोजी ढाका येथे १९७१चा प्रश्न दोनदा निकाली निघाल्याचा दावा केला. एकदा १९७४ मध्ये आणि नंतर जनरल परवेझ मुशर्रफ यांच्या ढाका भेटीत, असे त्यांचे म्हणणे होते. बांगलादेशाचे तत्कालीन परराष्ट्र व्यवहार सल्लागार तौहीद हुसेन यांनी त्याच दिवशी तो अमान्य केला. औपचारिक माफी, अविभक्त पाकिस्तानच्या मालमत्तेतील वाटा आणि अडकून पडलेल्या पाकिस्तानसमर्थक उर्दूभाषकांची परतपाठवणी, या ढाक्याच्या जुन्या मागण्या त्यामुळे पुन्हा ऐरणीवर आल्या.

दोन्ही देशांतील बहुसंख्य नागरिकांचा जन्म १९७१ नंतरचा आहे. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात सुरू झालेल्या लष्करी कारवाईचा जाब लाहोरमधील विशीतल्या तरुणाला विचारणे न्यायाचे नाही, हे कोणीही मान्य करील. मात्र याच युक्तिवादाच्या आडून शासनाला सुटका करून घेता येत नाही. माणसे बदलली तरी राज्यसंस्था कायम राहते. तिचे करार, कर्जे आणि मालमत्ताही कायम राहतात. मिळकतीवर वारसा सांगणाऱ्याला देणी नाकारता येत नाहीत, हा व्यवहारातील साधा नियम येथेही लागू होतो.

दार यांच्या दाव्याची कसोटी कागदपत्रांवरच लागते. ९ एप्रिल १९७४ रोजी नवी दिल्लीत भारत, बांगलादेश आणि पाकिस्तान यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. ‘घडले असतील त्या’ गुन्ह्यांचा पाकिस्तानने त्यात निषेध केला, तीव्र खेदही नोंदवला. बांगलादेशाने १९५ युद्धकैद्यांवरील नियोजित खटले सोडून दिले. जुलै २००२ मध्ये मुशर्रफ यांनी ‘अतिरेका’बद्दल खेद व्यक्त केला. माफीचा शब्द दोन्ही वेळा टाळला गेला. पाकिस्ताननेच नेमलेल्या हमुदुर रहमान आयोगाने वरिष्ठ अधिकाऱ्यांवर खटले चालवण्याची शिफारस केली होती. तो अहवाल जवळपास तीन दशके दडवून ठेवण्यात आला आणि खटले कधी उभे राहिलेच नाहीत. ज्या काळात दोषी व्यक्ती हयात होत्या, त्या काळात व्यक्तिगत जबाबदारी निश्चित झाली नाही. म्हणूनच हा भार आज अख्ख्या राष्ट्राच्या नावावर उरला आहे.

या थकलेल्या हिशेबाची झळ सत्ताधाऱ्यांपेक्षा दुबळ्यांनाच अधिक बसली. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानात आलेल्या उर्दूभाषक ‘बिहारी’ समाजातील अनेकांनी १९७१ मध्ये लष्कराची बाजू घेतली होती. त्याच वर्षी या समाजातील निरपराधांच्याही हत्या झाल्या. युद्धानंतर लाखो लोक छावण्यांत लोटले गेले. १९७४च्या करारानुसार पाकिस्तानने त्यांपैकी काहींनाच स्वीकारले. उरलेल्यांची मुले आणि नातवंडे ढाक्यातील मोहम्मदपूरच्या जिनिव्हा कॅम्पसारख्या दाट वस्त्यांत वाढली. बांगलादेश त्यांना पाकिस्तानी मानत होता आणि पाकिस्तान त्यांना घेत नव्हता.

ही कोंडी न्यायालयाने फोडली. १९७१ मध्ये अल्पवयीन असलेले आणि त्यानंतर जन्मलेले उर्दूभाषक बांगलादेशाचे नागरिक आहेत, असा निर्णय ढाका उच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये दिला आणि त्यांची नावे मतदारयादीत घेण्याचा आदेश काढला. बापजाद्यांच्या निष्ठेचा ठपका मुलांवर ठेवता येणार नाही, हाच त्या निर्णयाचा अर्थ होता. तरीही छावण्यांतील दारिद्र्य आणि पारपत्र मिळवताना होणारी अडवणूक संपलेली नाही. कराचीतील बंगाली वस्त्यांचे दुखणेही याच जातीचे आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहूनही अनेकांना पाकिस्तानचे राष्ट्रीय ओळखपत्र मिळत नाही.

कराची ते चितगाव थेट मालवाहतूक नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाली असून दोन्ही देशांना व्यापार हवा आहे. तथापि, जुना प्रश्न निकाली निघाल्याचे एकतर्फी जाहीर केल्याने तो मिटणार नाही. निःसंदिग्ध माफी, १९७१ च्या दफ्तरांची खुली पाहणी आणि शालेय पुस्तकांत घटनांची प्रामाणिक नोंद, ही इस्लामाबादची कामे आहेत. छावणीत जन्मलेल्यांना पूर्ण नागरिक म्हणून वागवणे हे ढाक्याचे काम आहे आणि त्यासाठी पाकिस्तानच्या माफीची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.